गोधडीचा उघडा कोपरा

टेंपो निघाला तेव्हा गोधडी सगळ्यात वर होती. खाली कपाट, पत्र्याच्या पेट्या, शेगडी, तांदळाचं पोतं आणि त्या सगळ्यावर सुतळीनं बांधलेली आत्यांची गोधडी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत. आत्या अंगणातून टेंपोवाल्याला बजावत होत्या, "गोदडी भिजवू नगंस रं बाबा." आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. सासरे, आमचे आबा, गोठ्याकडे तोंड करून बसले होते. थोरला मुलगा घर सोडून चालला होता. शेवटी तेच उठून टेंपोजवळ आले आणि म्हणाले, "कुसगाव काय लांब हाय व्हय? मन केलं की यायचं."

सुनंदा, तू तेव्हा धाकटी जाऊ म्हणून घरात नुकतीच आली होतीस. दारात उभी राहून तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मला वाटत होतं, हिला वाटतंय मी सुटले.

आदल्या दिवशीचं दुपारचं जेवण तुला आठवत असेल. गोधडी शिवून झाली होती, फक्त एक कोपरा वीतभर उघडा होता. आपल्या घरात गोधडीचं पोट भरल्याशिवाय ती बंद करत नाहीत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मग टाका घालायचा. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं आत्या म्हणतात. तुकडा कुठलाही चालत नाही. ज्याच्यावर घर चालतं, त्या कर्त्या माणसाच्या ताटातला, त्यानं पहिला मोडलेला. आबांनी भाकरी मोडली, तुकडा ताटाच्या कडेला ठेवला आणि मान वर न करता जेवत राहिले. आत्यांनी तो उचलून कोपऱ्यात सरकवला. "मुंग्या लागतील ना गं आई," म्हणून आपली नणंद मंगल हसली होती.

मंगल, तू पुढं लग्न होऊन मस्कतला गेलीस, तेव्हा निम्मं गाव कामशेतच्या स्टेशनापर्यंत आलं. रडारड झाली. ते बरोबरच होतं. तुझं जाणं लांबचं होतं. माझं जाणं कुणी मोजलंच नाही. एक टमटम, एक गाडी, पुन्हा एक टमटम, की पवनेकाठच्या आपल्या घरी. पण तू दर उन्हाळ्यात महिनाभर माहेरी यायचीस आणि मी दिवाळीला कशीबशी एक दिवस. कारण कुसगाव लोणावळ्याला लागून, आणि जगाला सुट्टी असते तेव्हा लोणावळ्याला काम असतं. शनिवार-रविवार फुल्ल, मे महिना फुल्ल, पावसाळ्यात तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. जवळ राहणाऱ्याला गाव आठवतं असं म्हणायचीसुद्धा चोरी. लोक लगेच म्हणतात, मग जा की.

हे, म्हणजे माझे मालक, एका रिसॉर्टवर मेंटेनन्सला होते. गीझर, मोटार, जनरेटर, सगळं यांच्या हातात. मी जवळच्या बंगल्यावर स्वयंपाक धरला. बुकिंग आलं की केअरटेकर फोन करतो, "ताई, बारा जण आहेत, चुलीवरचं पाहिजे म्हणतात." मग मी चूल पेटवते. मी भाकरी थापताना पाहुणे माझे व्हिडिओ काढतात आणि मऊ भाकरी बघून ऑसम म्हणतात. दोन खोल्यांच्या आमच्या घरी मात्र सगळं गॅसवर, घाईत. हे आणि सायली जेवून उठले की ओट्याशी उभ्या उभ्या मी पातेल्यातलं उरलेलं खायचे. सायली आमची मुलगी. ती लहान होती तेव्हा तिला वाटायचं, आई जेवतच नाही.

मागच्या वर्षी मे संपता संपता हे पंपाच्या खोलीत पडले. उजवं अंग गेलं. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा तोंड वाकडं, बोलणं जड, आणि गिळता येत नव्हतं म्हणून नळी. पुढं नळी निघाली, पण ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. घास पुढं केला की दात आवळायचे. फिजिओवाली मुलगी यायची, गोड बोलायची, हात वर-खाली करून जायची. मला तिचाही राग यायचा. खरं सांगते, मला ह्यांचाही राग यायचा. आणि थकवा तर असा की आंघोळीला बसलं की उठावंसं वाटत नसे. सायलीचं बारावीचं वर्ष. बंगल्याचं काम सोडता येत नव्हतं. पाहुण्यांसाठी चळतभर भाकऱ्या करून यायचं आणि घरी येऊन ह्यांच्यापुढं पेजेची वाटी धरायची.

पाऊस लागला आणि आत्या आल्या. हातात एक पिशवी आणि डोक्यावर हे भलं मोठं गाठोडं. गाठोड्यात जुनेर. त्यांनी पोराच्या तोंडावरून हात फिरवला, रडल्या नाहीत. चहा झाल्यावर म्हणाल्या, "सुई-दोरा हाय का घरात?"

आणि बसल्या की त्या गोधडी शिवायला! पुढच्या खोलीत, ह्यांच्या कॉटच्या खाली, जेमतेम पाय पसरतील एवढ्या जागेत. बाहेर धुकं, आत दोरीवर न वाळलेले कपडे, आणि मधे पसरलेली ती गोधडी. ओलांडून जाताना मला वैताग यायचा. मी एकदा म्हटलंही, "आत्या, बाजारात ब्लँकेटं मिळतात." त्या म्हणाल्या, "मिळू देत की."

खाली अस्तराला आबांचं धोतर, आबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आत सुनंदाची दोन लुगडी, मंगलचा शाळेतला परकर, माझी बाळंतपणातली साडी, जी मी टाकून दिली असं समजत होते. कडेकडेनं धावदोरा घालत आत्या आत आत सरकायच्या. दुपारी बंगल्यावरून आले की मीही सुई घेऊन दुसऱ्या बाजूला बसू लागले. का ते माहीत नाही. पण टाके घालताना डोकं थोडा वेळ गप्प व्हायचं, आणि तेवढंच मला हवं होतं.

एक दिवस मी आले तर आत्यांनी ह्यांचा रिसॉर्टचा युनिफॉर्म उसवून ठेवला होता. करड्या रंगाचा शर्ट, चांगला धडका. मला भडभडून आलं. मी ओरडलेच, "तो फाटला नव्हता आत्या! ते परत कामावर जातील तेव्हा काय घालतील?"

आत्यांनी शिवण्यातून मान वर केली. "न्हाई जायाचा त्यो आता," त्या म्हणाल्या. "तुला बी ठावं हाय, त्याला बी. अंगात घालायचा न्हाई, तर अंगावर घिऊ दे."

हे ऐकत होते. त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा तोंड आमच्याकडे वळवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण वळवलं. आत्या तशाच उठल्या आणि ओट्याशी गेल्या. तांदळाच्या पिठाची उकड केली, वर लसणाची फोडणी, आणि बशीत घेऊन पोराच्या डाव्या हातात चमचा दिला. निम्मी उकड गळ्यावर सांडली. निम्मी पोटात गेली. उकडीवरून गुरगुट्या भात, भातावरून आमटीत कुस्करलेली भाकरी, असं करत करत पावसाळा सरला.

गावाकडून फोन येत होते. भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, म्हणत होते, "वहिनी, दसऱ्यानंतर टेंपो घेऊन येतो. तिथं कोण आहे तुम्हाला? इथं घर आहे, माणसं आहेत." मंगल मस्कतवरून व्हिडिओ कॉलवर तेच सांगायची. कुणाचंच काही चुकत नव्हतं. भाऊजी मनापासून बोलत होते. पण मी एकदा डोळे मिटून गावाकडची खोली आठवली, आणि सायलीचं कॉलेज आठवलं, आणि मला कळलं की मी परत गेले तर आजारी भावाची बायको म्हणून जाईन. बसेन ती त्या खोलीच्या कोपऱ्यात बसेन. हे मी कुणाला सांगितलं नाही. थकलेल्या माणसाला वाद घालायचा जोर नसतो.

गोधडी पुरी झाली होती. कोपरा तेवढा वीतभर उघडा. दसरा आला, गेला, तरी आत्या तो शिवत नव्हत्या. मी समजले. आबांच्या मागं गावाकडचं घर भाऊजींवर चालत होतं. कर्ते तेच. टेंपो येणार, आम्ही जाणार, भाऊजींच्या ताटातला तुकडा आत पडणार, आणि कुसगावचं आमचं घर त्या टाक्याबरोबर बंद होणार. येता-जाता तो उघडा कोपरा दिसला की मी तो घडीखाली सारायचे.

भाऊजी आणि सुनंदा आले. टेंपो जेवणं उरकल्यावर यायचा होता. सुनंदा, तू इंद्रायणीचा नवा तांदूळ आणि वांगी घेऊन आली होतीस. मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. भाऊजी, हे आणि सायली ताटावर बसले. भाऊजींना रीत माहीत. त्यांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि आत्यांपुढं धरला, "घे आई, पोट भर गोधडीचं."

आत्यांनी हात पुढं केला नाही. "तुजं घर तितं हाय," त्या म्हणाल्या. "ही गोदडी हितली." मग माझ्याकडे वळल्या. "तुजं ताट कुटं हाय?"

मी म्हटलं, "मी मागनं जेवते आत्या, तुमचं होऊ दे."

"मागनं न्हाई. ताट कुटं हाय तुजं?"

माझं ताट नव्हतंच. सहा महिने, नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून नव्हतं. आत्यांनी मला हाताला धरून ओट्यापासून बाजूला केलं, ह्यांच्या शेजारी बसवलं आणि स्वतः उभ्या राहून भाकरी थापली. गुडघ्यांनी त्या कधीच्या हैराण, पण कुणाला हात लावू देईनात. फुगलेली भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकली. "ह्या घरात चूल कोन पेटवतं? औषिद कोन आनतं? पोरीचं कालेज कोन बगतं? मोड तुकडा."

माझे हात पिठानं भरलेले, आणि डोळे पुसायचे कशानं? तेवढ्यात ह्यांनी डावा हात पुढं केला आणि आपल्या ताटातलं भरलं वांगं चमच्यानं ढकलत ढकलत माझ्या ताटात आणलं. अर्धा रस्सा जमिनीवर. मग जड जिभेनं म्हणाले, "मोड."

मी मोडला. भाकरी इतकी गरम होती की बोटं भाजली. कितीतरी वर्षांनी माझ्या ताटात तव्यावरची गरम भाकरी होती. आत्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, कोपऱ्यात खोल सरकवला आणि तिथंच बसून टाके घातले. दोरा दातांनी तोडला. भाऊजींनी आपला मोडलेला तुकडा आमटीत बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "मग टेंपोवाल्याला नको म्हणून सांगतो."

आता हिवाळा आहे. गोधडी ह्यांच्या अंगावर असते. सकाळी काठी धरून दारापर्यंत येतात, पुढं नाही. उजवा हात तसाच. माझा थकवाही गेला असं नाही, तो कुठं जातो. बंगल्यावर बुकिंग आहेत, भाकऱ्यांचे व्हिडिओ चालूच आहेत. आत्या गावी परत गेल्या तेव्हा रिकाम्या गाठोड्याचं फडकं खांद्यावर टाकून दारात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "कुसगाव काय लांब हाय व्हय?" 'मन केलं की यायचं' हे आबांचं पुढचं त्या बोलल्या नाहीत, कारण यायचं तर त्या दुखऱ्या गुडघ्यांनीच होतं.

सुनंदा, मंगल, कुणी गाव विचारलं तर माझ्या तोंडून अजून आपल्याच गावाचं नाव येतं. ते बदलायचं नाही. पण घराचं म्हणाल, तर आमच्या घरी आता तीन ताटं एकदम वाढली जातात. ह्यांचा डावा हात चमच्याशी तयार असतो, भूक लागलेली असते, तरी मी बसून पहिला तुकडा मोडेपर्यंत हे घास उचलत नाहीत.