जेवणानंतरची गोळी

कोपरीत बायजाला भांडकुदळ म्हणत. म्हणोत बापडे! मिठागरात दिवसभर उन्हात मीठ ओढणाऱ्या बाईने गोड बोलायचं तरी कुणाशी? नवरा खाडीत गेला तो गेलाच. मागे एकच लेक, तुळसा. त्या लेकीसाठी ही बाई जेवढी भांडली, तेवढं सगळं गाव मिळून भांडलं नसेल.

तुळसाला फेफरं यायचं. आधी अंगारेधुपारे झाले, मग ठाण्याच्या एका डॉक्टरने गोळ्या दिल्या. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. "एकही चुकवायची नाही," असं त्याने बजावलं. गुण आला आणि पोर शाळेत जाऊ लागली. पण त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर एकदा ती दुपारची गोळी विसरली आणि वर्गातच पडली. कुणी चप्पल हुंगवली, पोरं किंचाळत पळाली. दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापक त्र्यंबकगुरुजींनी तिला वर्गाबाहेर ओट्यावर बसवलं. पाण्याच्या माठालाही हात लावायचा नाही, कारण म्हणे बाकीच्या मुलांच्या आया घाबरतात.

बायजाला हे कळलं तशी ती मिठाने पांढऱ्या झालेल्या पायांनी थेट गुरुजींच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच.

"गुरुजी, माजी पोर चोर हाय का?"

"तसं नाही हो बाई. पण आम्ही इथे शिकवायचं, की आजारी मुलं सांभाळायची?"

"आठ वर्सांची पोर, खेळात इसरली. कुनी हातावर गोळी ठेवली तं पडनार नाय."

"औषध देणं हे शाळेचं काम नव्हे."

"मंग मीच येन," बायजा म्हणाली.

आणि आली की! रोज दुपारी मिठागरातून तरातरा चालत यायची. मुकादम मागून शिव्या घालायचा, त्या ऐकून सोडून द्यायची. लेक ओट्यावर भाकरी खायची, बायजा गोळी द्यायची आणि जाता जाता दारातून विचारायची, "गुरुजी, आज आत घेतोस का?" सगळा हिवाळा हाच प्रश्न. गावातल्या बाया हसल्या, गुरुजी वैतागले. शेवटी उत्तराबाई नावाच्या तरुण शिक्षिकेलाच राहवेना. ती म्हणाली, "दुपारच्या गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात ठेवा. गोळी मी देईन आणि तुळसा माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसेल."

"बघा हं, जबाबदारी तुमची," गुरुजी म्हणाले.

त्या दिवशी बायजा घरी येऊन पदरात तोंड खुपसून रडली. आनंदाने रडायची तिला सवय नव्हती.

तुळसाला तर उत्तराबाई म्हणजे देवच! त्यांच्यासारखं अक्षर काढायचं, त्यांच्यासारखा भांग पाडायचा. उत्तराबाई दर महिन्याला संकष्टी करायच्या. बाप्पा संकट दूर करतो, असं त्यांनी एकदा वर्गात सांगितलं. पोरीने ते मनात ठेवलं. चैत्रातल्या संकष्टीला तिने आईला काही न सांगता भाकरी बांधून घेतली आणि दुपारी तिचं फडकं सोडलंच नाही.

"बाई, आज माझीपण संकष्टी. फेफरं जाऊ दे म्हणून."

उत्तराबाईंना भरून आलं. त्यांनी बाटली काढली. तिच्यावरच्या चिठ्ठीत कंपाउंडरने लिहिलं होतं, जेवणानंतर. पोरीच्या पोटात तर अन्नाचा कण नाही. एवढं जालीम औषध उपाशीपोटी कसं द्यायचं? त्यांनी एक गोळी कागदात गुंडाळून तिच्या मुठीत दिली. "चंद्र उगवला, जेवलीस, की लगेच घे हं." काळजीनेच केलं हो उत्तराबाईंनी सगळं! हेच तर पुढे त्यांना सोसवेना.

शाळा सुटल्यावर तुळसा नेहमीसारखी मिठागराच्या बांधावरून आईकडे निघाली. बायजाने तिला दुरून येताना पाहिलं. पडतानाही पाहिलं. हातातलं फावडं टाकून ती धावली, पण मधे खाऱ्या पाण्याचे वाफ्यांमागून वाफे. पोर वाफ्यात पालथी पडली होती आणि पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. बायजाने तिला उचललं तेव्हा श्वास संपला होता. मुठीत कागदाचा लगदा होता.

तेरावं झाल्यावर बायजा बाटली न्यायला शाळेत गेली. गुरुजी उठून उभे राहिले.

"फार वाईट झालं बाई. म्हणूनच मी नको म्हणत होतो. आता ठरवलंय, शाळेत कुणाचंच औषध ठेवायचं नाही."

"नको ठरवूस," बायजा म्हणाली. आवाज बसला होता, पण भांडण तेच होतं. "उद्या दुसऱ्या कुनाची पोर येल. तिला पन ओट्यावर बसवशील? मी भांडले ते खोटं नव्हतं, गुरुजी."

तेवढ्यात उत्तराबाई बाटली घेऊन आल्या आणि त्यांनी बायजाचे पायच धरले. "मी दिली नाही हो त्या दिवशी! तिचा उपास होता, आणि चिठ्ठीवर जेवणानंतर लिहिलंय..."

बायजाने बाटली हातात घेतली. चिठ्ठीवरच्या अक्षरांवरून तिने अंगठा फिरवला.

"हे लिवलंय होय इथं?" ती हळूच म्हणाली. "मना वाचता येत नाय, बाय. घरात भाकर नसली, तरी मी गोळी देत व्हते."