मीटरभाऊचा माईक

मीटरभाऊचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. मयतीला आला तरी खिशात, लग्नात फुलं टाकायला उभा राहिला तरी खिशात. मोहल्ल्यातल्या लोकांना वाटायचं, माणूस घमेंडी आहे. खरं कारण वेगळं होतं, तो रेडिओ दुरुस्त करायचा. चालू रेडिओत दोन्ही हात घातले आणि करंट लागला, तर तो एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताला जातो. एकच हात आत असला तर वाचायची आशा असते. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की जेवायला बसला तरी डावा हात बाहेर यायचा नाही. पुढे आमच्या घरात शेवंताही दिव्याचं बटण दाबताना डावा हात पदराखाली घ्यायला लागली. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणे, "मीटरभाऊ सांगतात." तेव्हापासून ते बटण मीच दाबायला लागलो.

शेवंता माझी बायको. ती वारल्यापासून तिच्या मागोमाग हा माणूस आठवतो आणि माझं डोकं फिरतं. मला तो आवडत नव्हता, आजही आवडत नाही. मी चौथी शिकलेला, आरा मशीनवर लाकडं कापणारा. तो सीताबर्डीवर रेडिओच्या दुकानात कामाला, राहायला आमच्या मागच्या गल्लीत. गळ्यात व्होल्टेज मोजायचा मीटर लटकवून फिरायचा म्हणून मीटरभाऊ.

शेवंता विहारात बायांच्या गटात गायची. भाड्याच्या माईकवर तिचा आवाज किरकिरा यायचा. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. एके दिवशी हा दारात येऊन म्हणाला, "दादा, वहिनीचा आवाज असा नाही गा. तो माईक बेकार आहे. मी व्हॉल्वचा माईक बनवतो. यंदा वैशाख पौर्णिमेले लोकायले कळू दे, ती कशी गाते."

"तुले कोण सांगतलं, तिचा आवाज कसा आहे ते?"

"आरा मशीनवर राहून तुझे कान फाटले, तुले काय समजते!" असं म्हणून हसला. हसण्यावारी बोलला, पण मला लागलं. कारण खरंच, करवतीच्या आवाजानं माझे कान तेव्हाच अर्धे गेले होते.

त्यानं माईक बनवला. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीपेक्षा पातळ पडदा, मागे जुन्या रेडिओत असतो तसा काचेचा व्हॉल्व, आणि वीज द्यायला वेगळा पत्र्याचा डबा. दर रविवारी तो सगळा संसार आमच्या खोलीत मांडायचा. शेवंता माईकसमोर, हा कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला. माझी बायको, माझं घर, आणि ऐकणारा तो एकटा! मी दाराशी बसून राहायचो. बिडी प्यायलाही उठायचो नाही.

पण माईक जमेना. नुसत्या डब्यावर मीटर लावला की व्होल्टेज पुरं, माईक जोडला की काटा खाली. "बोजा टाकल्याशिवाय मोजलेलं खरं नसते, दादा," हे त्याचं आवडतं वाक्य. एकदा मोहल्ल्यातल्या एका पोराचं लग्न ठरलं, पोरगा लई शांत आहे म्हणून सगळे तारीफ करत होते, तेव्हाही हा हेच म्हणाला होता. त्यानं जाड वायर टाकली, कंडेन्सर बदलले. डबा सुधारला. शेवंताचा आवाज मात्र दबकाच येत होता.

मग तो पडद्याच्या मागे लागला. पडद्यालाही व्होल्टेज लागतं. तिथं मीटर लावला की काटा अर्ध्यावरच. ट्रान्सफॉर्मर उकलून पुन्हा गुंडाळला, तरी अर्ध्यावरच. पौर्णिमा तोंडावर आली. शेवंताचा चेहरा उतरला. माझा नाही. मी मनात म्हणायचो, नाही झाला तर बरंच.

एका रविवारी तो एकदम ओरडला, "मीटरच पिऊन राहिला गा!" पडद्याजवळ वीज पोहोचते ती बारीक धारेसारखी. मीटर टेकवला की त्यातली अर्धी तोच ओढून घेतो आणि कमी दाखवतो. मीटर काढला की व्होल्टेज पुरं. म्हणजे तिथं बिघाड नव्हताच, मोजणाराच कमी करत होता.

"चला वहिनी, गा आता बिनधास्त."

शेवंता गायली. दबकंच. त्यानं डब्याकडे पाहिलं, व्हॉल्वकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहत राहिला.

"दादा, तू जरा बाहेर जाय."

"काहून? घर माझं आहे!"

"म्हणूनच म्हणतो."

मी शेवंताकडे पाहिलं. वाटलं, ती त्याला झापेल. ती खाली पाहून म्हणाली, "अवो, जाऊन या ना जरा."

मी ओट्यावर जाऊन बसलो. आणि माझ्या फाटक्या कानांना तिचा आवाज आला. माईकमधून नाही, भिंतीतून. इतकी वर्षं एका खोलीत राहून असा आवाज मी ऐकला नव्हता. आत कोणीतरी दुसरी बाई आहे असं वाटलं. ती माझ्यासमोर कधी आलीच नव्हती.

पौर्णिमेला विहारात शेवंता त्याच माईकवर गायली. मी मुद्दाम मागे, तिला दिसणार नाही असा उभा होतो. लोक रडले. मीही रडलो, पण रागानं.

पुढे मीटरभाऊ कारखान्यात लागून कळमेश्वरला गेला. माईकही घेऊन गेला. त्यानंतर शेवंता भाड्याच्या माईकवर गायलीच नाही. विचारलं की म्हणायची, घसा बसतो.

ती गेली तेव्हा तो भेटायला आला. म्हातारा झाला होता. चहा घेतला. मग म्हणाला, "दादा, एक विचारू? वहिनी घरात कशी बोलायची गा? चिडली म्हणजे, हसली म्हणजे? मी तर तिचं गाणंच ऐकलं. माझ्यासंग 'चहा घ्या, भाऊ' याच्यापुढे ती कधी बोललीच नाही."

मी म्हटलं, "साऱ्या बाया बोलतात तशीच."

त्यानं मान हलवली आणि बस धरायला निघाला. काही महिन्यांनी तोही गेल्याची खबर आली. माझी पोरगी म्हणते, "बाबा, आई कशी बोलायची ते त्यांना सांगितलं असतं तर काय गेलं असतं?" गेलं असतं. तिचं गाणं त्यानं कानाला लावून ऐकलं. तिचं चिडणं, तिचं हसणं एवढंच माझ्या वाट्याला आलं. ते त्याला दिलं नाही, आणि इथंही लिहिणार नाही.