मनकर्णा सिस्टरांची सायकल

मानवतच्या आडवाटेवरच्या खेड्यांत मनकर्णा सिस्टर सायकलवरून फिरायच्या. उपकेंद्रावरच्या नर्स, पांढरी साडी, हँडलला औषधांची पिशवी. बाई सायकल चालवते म्हणून सुरुवातीला पारावरची माणसं हसली. पुढं त्यांच्याच घरातली बाळंतपणं सिस्टरांनी केली, तेव्हा हसणं थांबलं. सिस्टर बौद्ध. काही घरांत त्यांच्यासाठी कप वेगळा निघायचा. तिथं त्या चहा घ्यायच्याच नाहीत. बाळंतिणीला बघायच्या आणि निघायच्या.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांना परभणीला मीटिंग होती. मानवतच्या बसस्थानकाजवळ बन्सीधरचा खासगी सायकल स्टँड होता. तिथं सायकल लावून, बिल्ला घेऊन त्या एसटीनं गेल्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा तापलेला होता. मीटिंग संपते न संपते तोच बंद पुकारला गेला आणि एसट्या डेपोतच थांबल्या. सिस्टर काही दिवस परभणीत बहिणीकडं अडकून पडल्या. गाड्या सुरू झाल्या तशा लगेच परतल्या.

बन्सीधरनं बिल्ला पाहिला आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. एका दिवसाच्या वर सायकल राहिली तर रोजचा दंड, तोही चढता. हिशेब सायकलीच्या निम्म्या किमतीला भिडला होता.

"पण बंदमधी तुमचं फाटक तरी उघडं हुतं का?" सिस्टरांनी विचारलं.

"दगडं खायला उघडं ठिवू का?"

"मग मी आले असते तरी सायकल कशी काढली असती?"

"ते मला काय सांगायलाव, बाई? मोर्चे तुमी काढायचे अन् नुकसान आमी सोसायचं व्हय?"

त्या 'तुमी'त कोण कोण आलं, हे सिस्टरांना कळलं. पगार नुकताच झाला होता, पैसे पर्समध्ये होते. त्यांनी पर्स उघडली नाही. पिशवी खांद्याला लावून त्या पायी गावाकडं निघाल्या.

मानवतला दिनकरराव नावाचे निवृत्त शिक्षक होते. दुकानदारानं, कंपनीनं फसवलेल्या लोकांच्या तक्रारी ते लिहून द्यायचे. परभणीत ग्राहक मंच सुरू होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. "वकील लागत नाही, फी नाही," ते म्हणाले. "फक्त एक करू. तुम्ही मोर्च्यात नव्हता, हे पहिल्याच ओळीत लिहू. बरं पडेल."

"नव्हतेच मी, गुरुजी. पण असते तरी सायकल माझीच ऱ्हाते न?"

ती ओळ गुरुजींनी लिहिली नाही.

तक्रार गेली. तारखा पडत राहिल्या, सायकल स्टँडवर धूळ खात राहिली आणि सिस्टर चालत राहिल्या. कधी एखादी बैलगाडी भेटायची, कधी जीप. बहुतेक वेळा काहीच नाही.

अशातच एका दुपारी पलीकडच्या गावाहून चंद्रभान धापा टाकत आला. त्याच्या बायकोला, रुख्मिणीला, कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण होती. सिस्टर त्याच्याबरोबर काळ्या रानातून जवळजवळ पळतच गेल्या. पोचल्या तेव्हा बाळ बाहेर आलं होतं. नाळेचा वेढा गळ्याला, अंग निळं. सिस्टरांनी वेढा सोडवला, तोंडानं फुंकर घातली, पाठ चोळली. बाळ रडलं नाही. मग त्यांनी रुख्मिणीला सांभाळलं, तिचं रक्त थांबवलं. ती वाचली.

घरातलं कुणी सिस्टरांना बोललं नाही. उलट रुख्मिणीची सासू कस्तुराबाई म्हणाली, "ताई, पाय रक्ताळलेत तुमचे. बसा जरा." तिनं घरातल्या तांब्यानं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. सिस्टर तेव्हा रडल्या.

सायकल असती तर आपण वेळेत पोचलो असतो का, हे त्यांना कधीच कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. सिस्टर गुरुजींकडं गेल्या. "तक्रार मागं घेते. त्या दिवशी पैसे दिले असते तर सायकल घरी असती."

"दंड लावला बन्सीधरनं," गुरुजी म्हणाले. "तुम्ही नाही. वाटलं तर बाळाचंही तक्रारीत घालू. भरपाई वाढेल."

"न्हाई. त्याची किंमत मला लावायची न्हाई."

तक्रार मात्र त्यांनी चालू ठेवली.

निकाल लागला तोवर विद्यापीठाचा नामविस्तार होऊन गेला होता. मंचापुढं बन्सीधर पाटीचं सांगत राहिला. अध्यक्षांनी त्याला एवढंच विचारलं, "स्टँड बंद होता तेव्हा सायकल न्यायची कशी?" दंड रद्द झाला, सायकल परत द्यायची आणि त्रासाची भरपाई द्यायची, असा आदेश झाला. बन्सीधरनं सायकल फाटकाबाहेर आणून ठेवली. टायरला चिरा पडल्या होत्या, चेन गंजली होती. सायकल ढकलत सिस्टर पंक्चरवाल्याकडं गेल्या.

पुढं लोक त्यांच्याकडं विचारायला येऊ लागले. कुणाचं बियाणं उगवलं नव्हतं, कुणाची दुरुस्तीला दिलेली विहिरीवरची मोटर दुकानदारानं जादा पैशांसाठी अडकवून ठेवली होती. सिस्टर त्यांना गुरुजींचा पत्ता द्यायच्या. मोटर अडकलेल्याला मात्र बसवून घेऊन सांगायच्या, "पिकाला पाणी पायजे न? मग आधी पैसे भर. पावतीवर लिव, नाइलाजानं भरले म्हणून. मोटर घरी ने, अन् मग भांड. भांडण सोडू नको. पण मी केलं तसं करू नको."