चार कोपऱ्यांचे वजन विचारणारे नाना

प्रल्हादनानांना मी पहिल्यांदा पाहिले ते जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या लहानशा कार्यशाळेत. डिग्रीची फाईल काखेत धरून मी नोकरी मागायला गेलो होतो. शिंदखेड्याचे एक गृहस्थ मोठ्या पंख्याखाली बसवायला चार स्प्रिंगा मागत होते आणि नाना त्यांना विचारत होते, "पंखा किती वेगाने फिरतो? जमिनीवर आहे की माळ्यावर? कोणत्या कोपऱ्यावर किती वजन येतं?"

गृहस्थ वैतागून अहिराणीत म्हणाले, "नाना, मी स्प्रिंगा लेवाले उनू, सोयरीक जमाडाले नही!"

नाना मनापासून हसले, पण स्प्रिंगा दिल्या नाहीत. आधी वजन करून या, म्हणाले. दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा हा माणूस धंदा तरी कसा करतो, असे मला वाटले. पुढे सात वर्षे मी तिथेच काढली.

यंत्र चालले की थरथरतेच. ती थरथर इमारतीत उतरू नये म्हणून खाली स्प्रिंगा बसवतात. पण आपल्याकडे यंत्र हलताना दिसले की मिस्त्री आधी लाकडी गुटका शोधतो. गुटका ठोकला की वरचे हलणे थांबते आणि सगळी थरथर थेट स्लॅबमध्ये जाते. ही खोड मोडण्यात नानांनी आयुष्य घालवले आहे.

हे सारे पाठ असूनही मी शिरपूरच्या एका प्रसूती रुग्णालयात जे दिवे लावले, ते आज कबूल करतो. गच्चीवर वातानुकूलनाचे यंत्र होते आणि बरोबर त्याखाली नवजात बाळांचा कक्ष. एकट्याने अंगावर घेतलेले माझे ते पहिले काम. मी एकूण वजनाला चारने भागले आणि चार सारख्या स्प्रिंगा बसवल्या. मोटर आणि कॉम्प्रेसर मात्र एकाच बाजूला! तिकडच्या दोन्ही स्प्रिंगा दबून पार मिटल्या, यंत्र कलले आणि घाबरून मीच त्याखाली गुटके ठोकले. खालच्या काचा खणखणू लागल्या.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत हे थांबलं नाही, तर यंत्र उतरवून न्या. मी बाळांना इथे ठेवणार नाही."

मी तडक नानांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीने आले, जॅक, वजनकाटा आणि पोतेभर स्प्रिंगा घेऊन. मी घाईघाईने म्हणालो, "नाना, स्प्रिंगा खराब निघाल्या."

"स्प्रिंगनी काय चूक शे, भाऊ? तिन्हावर जितलं वजन दिधं, तितली ती बसनी. जाय, बाईसले खरं सांग."

मी खाली गेलो आणि चूक माझी आहे, असे सांगितले. बाईंनी एवढेच विचारले, "आता नीट वजन करताय ना?"

बाळांना दुसऱ्या खोलीत हलवल्यावर नानांनी चारही कोपरे एकेक करून तोलले, जड बाजूला ताठ स्प्रिंगा घातल्या, हलक्या बाजूला नरम, आणि गुटके स्वतःच्या हाताने काढले. दुपारी यंत्र सुरू झाले. बाई कक्षाच्या भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग नर्सला म्हणाल्या, "आणा बाळांना." मी गच्चीवर जाऊन मटकन बसलो आणि लाज न बाळगता रडलो. इतके हलके मला त्यानंतर कधी वाटलेले नाही.

परतताना चहाच्या टपरीवर नाना आपणहून बोलले. "नरडाणा गावले मीबी असंच चारनी भागेल व्हतं. तव्हय कोनले इचारवं, आसं कोनीच नव्हतं मना आंगे."

एवढे बोलून त्यांनी बशीत चहा ओतला. त्यांचे ते काम पुढे सावरले की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

नाना आता पंचाहत्तरीत प्रवेश करत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, हे मागताना आम्हा शिष्यांचा स्वार्थ लपत नाही. जे नानांना मिळाले नाही, ते आम्हाला त्यांच्या रूपाने मिळाले आहे: अडलो की विचारायला एक माणूस. नाना, अजून पुष्कळ वर्षे आमचे फोन उचलत राहा.