आकार सोडला, आकडा धरला

रुग्णवाहिका धाडणाऱ्या त्या कक्षात तिला सगळे थांबाताई म्हणायचे. कुणी एखादं बटण दाबायला गेलं की ही म्हणणार, "थांबा, आधी बघते." घरून निघताना गॅस बंद केलाय का हे ती तीनदा पाहायची आणि चौथ्यांदा जिन्यावरून परत यायची. एवीतेवी जीव टांगणीला लागलेलाच असतो, तर निदान त्याचा पगार मिळावा, म्हणूनच बहुधा तिने संगणक सांभाळायची नोकरी धरली होती. वीस वर्षं ती चोख करत आली होती.

त्या दिवशी सकाळी मुख्य संगणकाने मान टाकली. तिने राखीव संगणक आणून बसवला, जुन्याच्या सुरुवातीच्या सूचना त्यात जशाच्या तशा उतरवल्या आणि तो सुरू केला. पडद्यावर ओळी धावल्या आणि मध्येच थबकल्या. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथेच. पलीकडे फोन घेणाऱ्या बायका पत्ते कागदावर लिहून घेत होत्या आणि कुठली गाडी कुठे आहे ते नकाशावर टाचण्या खोचून ठरवत होत्या.

तेवढ्यात तिच्या थोरल्या भावाचा निरोप आला. बाबा त्याच्याकडे राहायचे. "बाबांच्या गोळ्या आणल्या. लहान संपल्या होत्या, मोठ्या मिळाल्या." गेल्या महिन्यात रक्तदाब एकदम उतरून बाबा न्हाणीघरात पडले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी रक्तदाबाचं औषध कमी करून दुपारच्या जेवणानंतर दोन लहान, कमी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिने "बरं" एवढंच कळवलं आणि फोन खिशात टाकला. एरवी दहा प्रश्न विचारणारी बाई, आज एका शब्दावर मोकळी झाली. मनात काहीतरी खुपलं खरं, पण तिला वाटलं, ते संगणकाचंच.

साहेब दर पाच मिनिटांनी डोकावत होते. "अजून किती वेळ?"

"तुम्ही विचारलंत की पाच मिनिटं वाढतात, साहेब."

शेवटी तिने धावणाऱ्या ओळींचं फोनवर चित्रण केलं आणि ते सावकाश पाहिलं. शेकडो ओळींत एक ओळ सापडली: पानाचा हा आकार चालत नाही, सोडून दिला.

संगणक आपली मेमरी पानापानांनी वापरतो. पान केवढं हवं आणि अशी किती पानं राखून ठेवायची, हे त्याला सुरू होतानाच सांगता येतं. जुन्याला लहान पानं सांगितली होती आणि आकडा चांगलाच मोठा होता. या नव्या गड्याला तो आकार ठाऊकच नव्हता, म्हणून त्याने आकार सोडून दिला. आकडा मात्र इमानेइतबारे धरून ठेवला आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या पानांना लावला. दोनशे बाटल्या मागवाव्यात आणि दुकानदाराने दोनशे पिंपं घरात आणून रचावीत, तसं झालं. सगळी मेमरी राखीव झाली आणि त्याला स्वतःला पाय ठेवायला जागा उरली नाही.

"गाढवा," ती त्याला म्हणाली, "आकार कळला नाही, तर आकडाही सोडायचा ना. निदान ओरडायचं तरी."

तिने त्याला चालणारा आकार लिहिला, हिशेब करून आकडा खाली आणला आणि सुरू केलं. या वेळी ओळी शेवटपर्यंत धावल्या. पलीकडच्या बायकांनी टाचण्या डबीत टाकल्या, साहेब चहा सांगायला गेले. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ते खुपणं काही जाईना. ती खुर्चीत बसली, उठली, पडदा पुन्हा पाहिला, परत बसली. मग पुढच्या माणसासाठी तिने वहीत नोंद केली: आकार बदलला तर आकडाही बदला.

लिहिता लिहिता तिचा हात थांबला. लहान संपल्या होत्या, मोठ्या मिळाल्या.

घड्याळात दीड वाजला होता. बाबा एकला जेवायला बसतात. तिने भावाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, ती उभीच राहिली, आणि शेवटी फोन बाबांनी उचलला.

"दादा फोन विसरून खाली गेलाय. बोल."

"बाबा, गोळ्या घेतल्या?"

"हातात आहेत. पाणी ओततोय."

"थांबा."

"आता काय झालं?"

"किती आहेत हातात?"

"दोन. दादाने डबीवर लिहून ठेवलंय ना, दोन."

"ते लहान गोळ्यांचं होतं, बाबा. या मोठ्या आहेत. दोन्ही खाली ठेवा. मी डॉक्टरांना विचारते."

"तुझं हे थांबा थांबा लहानपणापासून ऐकतोय," बाबा कुरकुरले. मग बशीत टक्कन एक आवाज झाला. जरा वेळाने दुसरा झाला.

"हातात काही राहिलं नाही ना? बघा एकदा."

"नाही गं बाई. दोन्ही हात रिकामे आहेत."

ती तिथेच फरशीवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "दादा वर येईपर्यंत फोन ठेवू नका."