शालींचं तबक

अगं, फोन ठेवू नकोस, ऐक जरा. इमारती आणि त्या बांधणाऱ्या विसरलेल्या माणसांवरच्या चित्रपट महोत्सवाचे पास मला धाडलेस आणि स्वतः फिरकली नाहीस. शोभतं का तुला?

शेजारच्या चंद्राक्काला घेऊन गेले. जन्मभर बांधकामावर घमेली वाहिली तिनं. त्या दिवशीचा चित्रपट तिच्यासारख्या बायांवरच होता, म्हणून तिला खास आमंत्रण. ठेवणीतलं इरकल नेसून आली. चित्रपट संपल्यावर सत्काराला तिचं नाव पुकारलं, मी तर टाळ्याही वाजवल्या. स्टेजवर गेल्यावर संयोजक बाईंनी तिच्या हातात शालींचं तबक दिलं.

"मावशी, एवढं धरून उभ्या राहा हं!"

शाली पडल्या दिग्दर्शकाच्या, आर्किटेक्टच्या, पाहुण्यांच्या खांद्यावर. तबक रिकामं झालं, तसं तिला खाली उतरवलं.

किळस आली गं मला. रिक्षात चंद्राक्का हसून म्हणाली, "घमेलं काय नि तबक काय, भरलेलं असतं तोवर आपलं." पण पदर तोंडाशीच होता.

घरी अंधारात दिव्याचं बटण शोधताना हात भिंतीवरून फिरला. गुळगुळीत गिलावा. आत कुणीतरी विटा वाहिल्या, रचल्या, आणि वरून सगळं सारखं करून टाकलं. आता त्या माणसांची आठवण काढायची म्हणतात, तीही असाच गिलावा फिरवून. शी!

तू ये लवकर. शालबिल काही आणू नकोस. मी चंद्राक्काला बोलावते. चहाचा ट्रे तू धर, तिला बसू दे.