पायपरचं कोपर

दिल्लीच्या द्वारकेत आमची सोसायटी नवी होती आणि लिफ्ट सुरू व्हायची होती, तेव्हा वरच्या मजल्यावरचे साताऱ्याकडचे रिटायर्ड हवालदार प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचे. फौजेच्या बँडमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं बॅगपाइप वाजवला होता, आता लग्नाच्या बँडमध्ये जायचे. हातात वाद्य नसलं तरी डावं कोपर बरगडीला चिकटलेलं. तिथे कधी पेपर, कधी मेथीची जुडी.

"कोपराने पाइपची हवेची पिशवी दाबत राहायची, वहिनी. मग आपण श्वास घेतला तरी सूर तुटत नाही."

भाचीच्या लग्नात मानेसरच्या फार्महाउसवर त्यांचाच बँड होता. रांगेतला एक जाडा माणूस नुसते गाल फुगवत होता. बँड थांबल्यावर मी हवालदारांना हळूच विचारलं.

"पैसे देणाऱ्या पार्टीला रांग लांब हवी असते, आणि वाजवणारे मिळत नाहीत," ते म्हणाले. मग जाऊन त्या माणसाचं कोपर धरलं आणि दाबून दाखवलं. "सिर्फ गाल मत फुलाओ यार, कोहनी भी दबाओ. नहीं तो पता चल जाता है."

परवा सोसायटीत वरात आली, तेव्हा मी त्यांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. लिफ्टने उतरूनही त्यांना धाप लागली होती. बँड सुरू झाला. गाल फुगलेले, कोपर हलतंय. पण त्या गलक्यात त्यांचा पाइप वेगळा ऐकू येईना.

मी कोपराकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. तोंडातली नळी काढून विचारलं, "जेवलात का, वहिनी?"

सूर तुटला नाही.